बटन दाबा, पाय काढा

नवी गाडी घ्यायला येणारा माणूस त्या दिवसापुरता बहिरा असतो, हे मिनलचं सात वर्षांच्या अनुभवातून आलेलं पक्कं मत होतं. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये ती डिलिव्हरीचं काम पाहायची. काम म्हणजे, किल्ली हातात देण्याआधी गिऱ्हाइकाला गाडी समजावून सांगायची. कोणतं बटन कशाचं, कोणता दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, कोणता लागला तर घाबरायचं कारण नाही. कंपनीनं यासाठी चाळीस मिनिटं ठरवून दिली होती. गिऱ्हाईक चार देई, आणि त्यातली तीन फोनवर.

मिक्सर घेणारी बाई निदान झाकण कसं बसतं एवढं तरी विचारते, असं मिनल मनाशी म्हणायची. ही माणसं दीड टन लोखंड घरी घेऊन निघतात, अन् विचारतात काय, तर सीट कव्हर फुकट आहे का! या लोकांबद्दलचा तिरस्कार ती इस्त्री केलेल्या युनिफॉर्मच्या आत नीट घडी घालून ठेवायची. वर हसू असायचंच. हसण्याचाच तर पगार होता.

भैय्याजी या सगळ्यांचे शिरोमणी निघाले. उमरेड रोडवर त्यांचे लग्नाचे दोन लॉन होते, अंगात कायम कडक पांढरा शर्ट, आणि मागे कायम दहा-बारा माणसं. गाडी निवडताना त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं, "सगळ्यात वरचं मॉडेल द्या. जे जे येते ते सगळं पाहिजे." त्या 'सगळ्या'मध्ये तीव्र उतारावर गाडी आपोआप हळू ठेवणारं एक बटनही होतं. मिनलला तेव्हाच हसू आलं होतं. हा माणूस जन्मभर नागपूर ते उमरेड करणार, आणि नागपुरातला सगळ्यात मोठा उतार म्हणजे उड्डाणपुलाचा. पण बटन पाहिजे!

पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी डिलिव्हरी झाली. पितृपक्षात कोणी गाडी घरी नेत नाही, म्हणून त्या एका दिवसात अकरा गाड्या निघायच्या होत्या. भैय्याजी बँडवाल्यासकट आले. हार आला, नारळ आला, चाकाखाली लिंबं आली, केक आला. त्यांची म्हातारी आई पंचफुलाबाई तेवढी त्या गर्दीत नव्हती. ती कुणालाही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, समोर पाहत. मिनलनं आपलं काम केलं. भैय्याजींना स्टिअरिंगसमोर बसवलं, एकेक बटन दाखवलं. भैय्याजी कानाला फोन लावून "हो, हो" करत होते. ते "हो" फोनमधल्या माणसाला की आपल्याला, हे मिनलनं शोधलं नाही. शेवटी सही घेतली, हात जोडले, आणि बँड वाजत गाडी निघून गेली.

चौथ्या दिवशी ते परत आले.

"कुठं हाय ते मॅनेजर? वापस घ्या ही गाडी! फॉल्टी माल दिला मले!"

शोरूममधली सगळी डोकी वळली. मॅनेजर अश्विन सर केबिनमधून जवळजवळ धावत आले. भैय्याजींच्या मागून पंचफुलाबाई हळूहळू आत आली. तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं आणि त्यावर हळद लावली होती.

"पाह्या माह्या मायचं डोकं. रामटेकच्या गडावरून उतरून राह्यलो होतो. तुमचं ते उताराचं बटन दाबलं, पाय काढला, अन् गाडी काय थांबते? सुसाट सुटली खाली! कचकन ब्रेक मारला म्हणून वाचलो. माय समोरच्या सीटवर आपटली."

"आजीनं बेल्ट लावला नव्हता का?" मिनलनं विचारलं.

"मागं कोण लावते बेल्ट?" भैय्याजी तिच्यावरच उखडले.

गाडी वर्कशॉपमध्ये नेली. कॉम्प्युटर लावला. अर्ध्या तासानं मेकॅनिकनं सांगितलं की गाडीत काहीही दोष नाही, सगळं जागच्या जागी आहे. मिनलला हे ऐकायच्या आधीच माहीत होतं. तिनं गाडीचा पुढचा कप्पा उघडून पाहिला. माहितीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत तसंच होतं, सील न फोडलेलं. तिनं ते अश्विन सरांना दाखवलं.

"मले कॉम्प्युटर नोको दाखवू," भैय्याजी म्हणाले. "त्याच गडावर चला माह्यासंगं, अन् चालवून दाखवा."

अश्विन सरांनी मिनलला बाजूला घेतलं. "जा यांच्यासोबत. दाखव आणि ये. या माणसाच्या लॉनवर रोज हजार लोक जेवतात, सगळ्यांना सांगत बसेल. आणि हे बघ, गोड बोल."

"मलेबी नेजो," पंचफुलाबाई म्हणाली आणि पुन्हा कुणालाही न विचारता गाडीत जाऊन बसली. या वेळी मिनलनं वाकून तिचा बेल्ट लावून दिला आणि स्वतः पुढे भैय्याजींच्या शेजारी बसली.

कामठी गेली, कन्हानचा पूल मागे पडला, आणि जबलपूर रोड मोकळा झाल्याबरोबर भैय्याजींनी, पाय न ठेवता एकच वेग धरून ठेवणारा, क्रूझ लावला. नव्वदवर. मग डावा पाय वर घेतला आणि सीटवरच अर्धी मांडी घातली.

"आता पाह्य," ते म्हणाले. "मी चालवूनच नाही राह्यलो."

"मग कोण चालवतंय?"

"गाडी!"

मिनलनं काचेतून बाहेर पाहिलं. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. रस्ता काळा, चकचकीत झाला होता.

"सर, रस्ता ओला झाला. ओल्या रस्त्यावर क्रूझ नाही वापरायचा. चाक घसरलं तरी गाडी वेग धरायलाच बघते. बंद करा."

"काही होत नाही वं. सांभाळते ते."

पुढे शेतातून निघालेला एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन रस्त्यावर चढला आणि आपल्या चालीनं, म्हणजे बैलाच्या चालीनं, जाऊ लागला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. अंतर भराभर कमी होऊ लागलं. भैय्याजींची मांडी जागची हलली नाही.

"सर, ब्रेक."

"थांब ना. पाह्यतो, स्वतःच ब्रेक करते का."

"ही नाही करत!" मिनल ओरडली. "ब्रेक मारा!"

भैय्याजींनी मारला. गाडी थरथरत, मागचा भाग किंचित वाकडा करत ट्रॉलीच्या जरा अलीकडे मंदावली. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंसुद्धा नाही. तो तंबाखू मळत होता.

"क्रूझला फक्त वेग धरता येतो," मिनल म्हणाली. आवाज गोड राहिला नव्हता. "समोर ट्रॉली आहे, म्हैस आहे की भिंत आहे, त्याला दिसत नाही. पुढची गाडी पाहून आपोआप ब्रेक मारणाऱ्या गाड्या वेगळ्या. ही त्यातली नाही."

"पण मी तर सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं!"

"यात ते येतच नाही."

भैय्याजींना वाईट वाटलं, ते या गोष्टीचं. जीव वाचला त्याचं काही नाही, वरच्याच्याही वर काहीतरी असतं याचं. तसेच रुसून त्यांनी ट्रॅक्टर ओलांडला आणि स्टिअरिंगवरचं बटन पुन्हा दाबलं. गाडीला नव्वद लक्षात होते. ती एकदम उसळून पुढे झेपावली तसे भैय्याजी दचकले, आणि मिनलनं "बंद!" म्हटल्यावर पहिल्यांदाच तिचं मुकाट्यानं ऐकलं. ऐकलं म्हणजे घाबरून ऐकलं. मनसरच्या फाट्यापर्यंत मिनल मनातल्या मनात त्यांना एकेक विशेषण लावत गेली. बैल म्हणावं तर बैलाला दावं ओढल्याचं तरी कळतं.

गडावर गाडी चढली. वर वळवून घेतली. दर्शनाला कोणी गेलं नाही, कारण भैय्याजींना आधी खटला जिंकायचा होता.

"आता डोळे उघडे ठेवजो," ते म्हणाले आणि उताराला लागले. पाऊस थांबला होता, पण घाटाचा रस्ता ओलाच होता. काटा तीसवर गेला, चाळीसवर गेला, पंचेचाळीसच्या पुढे सरकला. तेव्हा कुठे भैय्याजींनी बोट उचललं आणि ते बटन दाबलं. समोर हिरवं चिन्ह उमटलं आणि लुकलुकायला लागलं. मिनलला त्या लुकलुकण्याचा अर्थ माहीत होता. बटन चालू आहे, पण काम करत नाहीये.

"सर, वेग जास्त आहे. आधी ब्रेकनं..."

"हे पाह्य दाबलं! हा पाय काढला!" भैय्याजींनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं, वकिलानं साक्षीदाराकडे पाहावं तसं. "थांबली? थांबली का? बोल ना आता!"

गाडी पन्नासच्या वर गेली होती आणि समोर वळण होतं. वळणावर एक माणूस रस्त्याकडे पाठ करून वानरांना फुटाणे टाकत उभा होता. पंधरा-वीस वानरं रस्त्यावरच बसली होती, काहींच्या पोटाला पिल्लं चिकटलेली.

"समोर पाह्य ना, मुडद्या!" मागून पंचफुलाबाई किंचाळली. "ब्रेक दाब!"

मिनलही काहीतरी ओरडली, काय ते तिला नंतर आठवलं नाही. भैय्याजींचा पाय ब्रेकवर आदळला. खालून खडखड आवाज आला, गाडी हिसके देत घसरली आणि त्या माणसापासून दोन हातांवर उभी राहिली. वानरं केव्हाच झाडावर गेली होती. माणसानं सावकाश वळून पाहिलं. मग भैय्याजींच्या तीन पिढ्यांचा उद्धार करत त्यानं हातातले उरलेसुरले फुटाणे बोनेटवर भिरकावले आणि निघून गेला.

पंचफुलाबाईनं बेल्टवर हात फिरवून पाहिला.

मग मिनलनं तोंड उघडलं. सात वर्षांची घडी मोडली. "तुम्हाला काय वाटलं, हे बटन म्हणजे देव आहे? दाबलं की धावून येईल? हे हळू चालणाऱ्या गाडीला हळू ठेवण्यासाठी आहे, पळणाऱ्या गाडीला पकडायला नाही! आधी आपल्या पायानं ब्रेक मारून वेग वीसच्या खाली आणायचा, गिअर खालचा टाकायचा, मग बटन दाबायचं. चिन्ह लुकलुकायचं थांबलं की मग पाय हलका करायचा. आणि तरी पाय ब्रेकवरच ठेवायचा, लांब न्यायचा नाही. पुस्तकात लिहिलंय. पण पुस्तक तुम्ही उघडलं कुठे?"

भैय्याजींचा चेहरा उतरला होता. तरी ते म्हणाले, "मंग त्या दिवशी असं काहून नाही सांगतलं?"

"सांगितलं होतं! प्रत्येकाला सांगते मी. तुम्ही फोनवर होता."

"नाही वं पोरी," मागून पंचफुलाबाई म्हणाली.

मिनल वळली.

"हा फोनवर होता, ते खरं. पण मी मागं बसून होतो ना. मी सारं ऐकलं. थंड हवा कशी करायची ते सांगतलं तू. काच कशी खाली होते ते सांगतलं. या बटनाले हात लावला अन् म्हणलीस, 'उतारावर बटन दाबा, पाय काढा, गाडी सांभाळते.' एवढंच म्हणलीस. मंग तुह्या त्या साहेबानं तिकडून हात केला, अन् तू केक कापाले बोलावलं. हळू करा म्हणून नाही म्हणलीस."

म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. काय झालं ते ती सांगत होती, एवढंच. कपाळावरचं टेंगूळ हळदीखाली निळं पडलं होतं.

मिनलला 'नाही' म्हणायचं होतं. पण तो दिवस तिला आठवला. अकरा गाड्या. अश्विन सर घड्याळावर बोट आपटत होते. भैय्याजी फोनमध्ये कुणाला तरी पनीरचा भाव विचारत होते. आणि त्या बटनापाशी आल्यावर तिच्या मनात आलेलं वाक्यही आठवलं, अगदी शब्दन् शब्द: याला काय करायचंय, हा कुठे उतरणार आहे! तिनं मनात हसून चार वाक्यांचं एक केलं होतं. ज्या मूर्खपणावर ती आतून हसत होती, त्याच मूर्खपणाच्या हातात तिनं अर्धवट वाक्य देऊन किल्ली दिली होती.

"आजीचं खरं आहे," ती शेवटी म्हणाली. "मी पूर्ण नाही सांगितलं. माझी चूक झाली."

दुसऱ्या कुणी एवढ्यावर 'जाऊ दे' म्हटलं असतं. भैय्याजींनी फोन काढला. "हॅलो, अश्विनजी? तुमच्या मॅडमनं कबूल केलं! हो, हो, तिच्या तोंडानं! आता बोला, काय देता मले? नाही, सीट कव्हर तर पाहिजेच..."

"फोन ठेव," पंचफुलाबाई म्हणाली. "अन् उतर. पोरगी चालवते."

"माय, मी..."

"उतर म्हणलं ना."

दोन लॉनचा मालक खाली उतरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. "बेल्ट," पंचफुलाबाईनं आठवण केली. त्यानं लावला.

मिनलनं गाडी सुरू केली. खालचा गिअर टाकला, ब्रेकनं वेग पंधरावर आणला, आणि मग बटन दाबलं. हिरवं चिन्ह स्थिर झालं. तिनं पाय हलका केला, ब्रेकपासून बोटभर वर ठेवला. चाकांमधून कर्र-कर्र आवाज येऊ लागला.

"काही तुटलं का वं?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"नाही आजी. गाडी स्वतः थोडा थोडा ब्रेक मारून राहिली, त्याचा आवाज." मिनलच्या तोंडी आता घरचीच भाषा येत होती. "पण लई वेळ असं नाही ठेवायचं. लांब घाट असला तर ब्रेक तापतात, मंग हे आपोआप बंदही पडू शकते. चांगल्या डांबरी घाटात खालचा गिअर अन् आपला पाय, हेच खरं. हे बटन खडकाळ, खड्या उतारासाठी."

गाडी म्हातारीच्या चालीनं घाट उतरली. खाली पोचल्यावर भैय्याजी म्हणाले, "आता मी." ते पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले, या वेळी चौदाच्या वेगानं आणि कपाळावर घाम घेऊन. बरोबर उतरले. खाली येताच त्यांची छाती पुन्हा फुगली. "असं सोपं हाय तर! मी पह्यलेच म्हणलो होतो, टेक्निक पाहिजे." मिनलनं पंचफुलाबाईकडे पाहिलं. म्हातारी खिडकीबाहेर पाहत होती. मुलाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायची तिला बरीच वर्षं सवय असावी.

संध्याकाळी अश्विन सर चिडले ते चूक झाली म्हणून नव्हे.

"कबूल कशाला केलंस? डिलिव्हरीच्या फॉर्मवर त्याची सही आहे. बत्तीस मुद्दे, बत्तीस बरोबरच्या खुणा. सगळं समजावून सांगितलं असंच कागद म्हणतो. कागद आपल्या बाजूनं होता, मिनल!"

"त्या खुणा मी आदल्या रात्रीच करून ठेवते, सर. अकराच्या अकरा फॉर्मवर. तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं, वेळ वाचतो म्हणून."

अश्विन सरांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग आवाज खाली आणून 'टीम', 'टार्गेट' आणि 'प्रॅक्टिकल' हे तीन शब्द निरनिराळ्या क्रमानं वापरले. मिनल ऐकत उभी राहिली. भैय्याजींबद्दल जे तिला वाटत होतं तेच आता समोरच्या टायवाल्या माणसाबद्दल वाटत होतं, आणि त्यातला थोडा वाटा स्वतःकडे येत होता, तो तिला टाळता येत नव्हता. शेवटी तिनं एवढंच सांगितलं की यापुढे ती फॉर्म आधी भरणार नाही, एका दिवसात पाचाच्या वर डिलिव्हऱ्या करणार नाही, आणि ज्याला फोनवर बोलायचं आहे त्याचं बोलणं संपेपर्यंत किल्ली तिच्या खिशात राहील.

"मग डिलिव्हरी दुसऱ्या कुणाला देतो," अश्विन सर म्हणाले.

"द्या."

दिली नाही. नवरात्राच्या गाड्या तोंडावर होत्या आणि ते काम येणारं दुसरं कोणी नव्हतं. फक्त तिचं नाव त्या महिन्याच्या बक्षिसाच्या यादीतून गेलं. नवरात्रात एक गिऱ्हाईक किल्लीसाठी पाऊण तास ताटकळलं आणि "फालतू पोरगी आहे" असं म्हणून गेलं. पण उताराचं बटन त्यानं स्वतः तीनदा दाबून दाखवलं, तेव्हाच गेलं.

दिवाळीनंतर एका दुपारी ती डबा खात असताना भैय्याजींचा फोन आला.

"मॅडम, चिखलदऱ्याले चाललो. पुरं खानदान घेऊन. तिकडं घाट हाय म्हणते. तो क्रूझ घाटात लावाचा का नाही लावाचा?"

"अजिबात नाही, सर. वळणाच्या रस्त्यावर क्रूझ बंद. उतारावर तर गाडी त्या वेगाच्या पुढेही पळते, कारण क्रूझ..."

"अरे ते खुर्च्या तिकडं नोको ठेवू बे! मंचाच्या मागं ठेव! हं, बोला मॅडम. हो. हो. नाही, स्टेज पूर्वेले पाहिजे..."

मिनलनं घास खाली ठेवला आणि वाट पाहिली. खुर्च्या, स्टेज आणि कोणा मंडपवाल्याची आई-बहीण यांतून एक मिनिट गेलं. मग फोनमध्ये खरखर झाली, कुणीतरी तो हिसकावून घेतल्यासारखी.

"मी पंचफुला बोलतो," म्हातारी म्हणाली. "त्याले राहू दे. तू मले सांग, पोरी. सावकाश सांग. मी त्याच्याच मागं बसनार हाय."

मिनलनं डब्यावर झाकण ठेवलं, खुर्ची ओढून नीट बसली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.